खिळ्यांची सत्ता आणि बाळबोधीचे वळण : शेट जावजी दादाजी यांचे चरित्र

मुंबईत काळबादेवीच्या बाजूस कोलभाट गल्ली म्हणून एक जुनी गल्ली आहे. ज्याने मुंबई कधी पाहिली नाही अशा संस्कृताच्या अभ्यासकालाही या गल्लीचे नाव परिचित असते. कारण त्याच्या हातातील जुन्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर ते छापलेले असते. निर्णयसागर छापखान्याचे हे ठिकाण. हा छापखाना ज्यांनी उभारिला ते शेट जावजी दादाजी चौधरी हे पंडित नव्हते, ग्रंथकारही नव्हते. परंतु शिशाचे अक्षर कसे असावे, हे त्यांच्याइतके जाणणारा मनुष्य त्यांच्या काळी या देशात विरळाच होता.

बालमित्रहो, लिपी ही पूर्वजांनी एकदाची ठरवून दिली आणि आपण ती जशीच्या तशी वापरतो, असा आपला सामान्य समज असतो. तो पुरता खरा नाही. ज्या साधनाने लिहावयाचे ते साधनही लिपीला आपल्या सोयीप्रमाणे वळवून घेते. बाळबोध अक्षराची एक रेघ जाड व एक बारीक असते, ही बोरूच्या तिरप्या कापाची करणी होय. बोरू गेला आणि त्याच्या जागी शिशाचा खिळा आला, तेव्हा अक्षरांवर दुसऱ्या एका धन्याची सत्ता सुरू झाली. या नव्या धन्याची चाकरी जावजींनी अगदी खालच्या पायरीपासून केली, आणि शेवटी त्यालाच आपल्या मर्जीप्रमाणे वागावयास लाविले.

जावजींचा जन्म १८३९ साली मुंबईत एका गरीब मराठा कुटुंबात झाला. शिक्षण बेताचेच झाले. पोटाची विवंचना आधी होती. वयाच्या दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामास लागले. काम खिळे घासण्याचे आणि पगार दरमहा दोन रुपये. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशा प्रसंगाचे कौतुक करण्याची रूढी आहे, ती आम्हांस मान्य नाही. दहा वर्षांच्या मुलाने शाळा सोडून शिशाच्या धुळीत दिवस काढावा, यात गौरव करण्यासारखे काहीही नाही. शिसे हे विष आहे हे आज सर्वांस ठाऊक आहे. तथापि जे घडले ते असे घडले, आणि त्या कामातच जावजींच्या पुढील सर्व कर्तृत्वाचे बीज होते. म्हणून हे खिळे घासणे म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे.

छापण्याचा खिळा म्हणजे शिशाचा एक लहानसा चौकोनी खांब. त्याची उंची इंचाहून किंचित कमी, आणि त्याच्या माथ्यावर उलटे अक्षर उठलेले. तो तयार कसा होतो, हे आपल्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत डाय बनविण्याचे काम करणाऱ्या पालकांस लगेच उमजेल. प्रथम पोलादाच्या कांबीच्या टोकावर कानस व टोचणी यांनी अक्षर कोरावयाचे. याला पंच म्हणतात. केसाएवढी चूक झाली तरी सारा पंच फुकट जातो. पंच तापवून व विझवून कठीण केला, की तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकून अक्षराचा खळगा पाडावयाचा. ही मातृका. ही मातृका साच्याच्या तळाशी बसवून वर शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस ओतावयाचा. रस थिजला की खिळा तयार. एका पंचापासून अनेक मातृका आणि एका मातृकेपासून हजारो खिळे निघतात. म्हणून मूळ पंच कोरणाराचा हात जसा असेल तशी साऱ्या प्रांताची अक्षरे दिसतात.

साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या अंगाला कंगोरे व चिकटलेले कण असतात. ते दगडावर घासून काढावे लागत, आणि हेच ते दोन रुपयांचे काम. इंग्रजी खिळा थोडा कमीअधिक घासला गेला तर वाचणाराच्या ध्यानात येणार नाही, कारण इंग्रजी अक्षरे एकमेकांपासून सुटीच असतात. आपल्या बाळबोधीचे तसे नाही. आपल्या शब्दाच्या डोक्यावरून शिरोरेखा जाते, आणि ती तर अखंड दिसली पाहिजे. आता विचार करा. एका शब्दात पाच खिळे असतील, तर पाच वेगवेगळ्या शिशाच्या तुकड्यांवरील पाच तोकड्या रेघा एकमेकींस अशा भिडल्या पाहिजेत की पाहणाराला ती एकच रेघ वाटावी. खिळ्याच्या बाजूस कण राहिला तर रेघेत फट पडते. खिळा एका अंगाने अधिक घासला गेला तर तो कलतो, आणि रेघ जिन्यासारखी चढउताराची होते. जुनी पुस्तके उघडून पाहा. शिरोरेखा जागोजाग तुटलेली अशी कितीतरी पाने आढळतील. रेघ कोठे व का तुटते, हे या मुलाच्या बोटांना ठाऊक झाले. ते ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते.

ज्या छापखान्यात हे घडले त्याचीही हकीकत सांगितली पाहिजे. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ साली आले आणि १८१७ साली त्यांच्या छापखान्यातून पहिले मराठी पुस्तक निघाले. आपल्या वाळूजवरून जो रस्ता अहिल्यानगरास जातो, त्या नगरात म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरात, याच मिशनचे ज्ञानोदय पत्र १८४२ साली निघाले, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल. आरंभी मिशनपाशी जे खिळे होते ते बंगालकडून आणविलेले होते. अक्षरे मोठी व बोजड. पानावर मजकूर थोडा आणि कागद फार.

बंगालकडे तरी ही विद्या कोठून आली? श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठीचे व्याकरण १८०५ साली छापिले. तेथील पंचानन कर्मकार नावाच्या कुशल लोहाराने व त्याच्या जावयाने, मनोहराने, नागरी अक्षरांचे पंच कोरिले. त्या एका संचात सुमारे ७०० निरनिराळी अक्षरे करावी लागली. इंग्रजी छापणाराला लहान व मोठी मिळून ५२ अक्षरे, आकडे व विरामचिन्हे एवढ्यावर भागते. आपल्याला ७०० का लागावी? हिशोब सोपा आहे. व्यंजने ३४ धरली आणि प्रत्येकाची बाराखडी केली तर ४०८ रूपे होतात. आता जोडाक्षरे घ्या. क्त, त्र, द्ध, ष्ट, स्थ अशी केवळ शंभर जोडाक्षरे मोजली आणि प्रत्येकाची बाराखडी स्वतंत्र कोरावयाची म्हटले, तर आणखी १२०० पंच झाले. इतके पंच कोरण्यास एका कारागिराचे आयुष्य पुरावयाचे नाही. शिवाय जुळाऱ्याच्या पुढ्यात जी खणाखणांची पेटी असते, तिला इतके खण कोठून आणावयाचे? त्याचा हात पोहोचेल तेवढीच पेटी उपयोगाची. मनुष्याच्या हाताची लांबी आणि शिशाचा खर्च या दोन गोष्टींनी आपल्या लिपीपुढे पेच टाकिला तो असा.

हा पेच मुंबईच्या मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम नावाच्या गृहस्थांनी मोठ्या चातुर्याने सोडविला. जावजी ज्यांच्या हाताखाली शिकले ते हेच. त्यांनी अक्षरे लहान व सुबक कोरिली, आणि त्यांचे तुकडे केले. ग, त, न, प, म, स या अक्षरांच्या शेवटी काना आहे. काना काढून घेतला की अर्धे अक्षर उरते. मग अर्धा त व काना वेगवेगळे ओतले, तर त्याच अर्ध्या त पासून त्य, त्व, त्म असे कितीतरी जुळविता येते. मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रेफ यांचेही स्वतंत्र लहान खिळे झाले. त्यांना छापखान्यात डिग्री म्हणत. अशा रीतीने शेकडो पंच वाचले आणि पेटी आटोक्यात आली.

पण शिसे फुकट काही देत नाही. अक्षराचे तुकडे होताच काही अक्षरांचे नशीब फिरले. ज्यांना काना आहे त्यांचा लाभ झाला. ट, ड, द, ह यांना शेवटी काना नाही, म्हणून त्यांची जोडाक्षरे एक तर स्वतंत्र कोरावी लागली, नाही तर पाय मोडून भागवावे लागले. पूर्वी हाताने लिहिणारे लोक ल्ल किंवा च्च ही जोडाक्षरे एकाखाली एक लिहीत. शिशाला एकाशेजारी एक हेच सोयीचे. म्हणून पुढे पुढे ती शेजारी शेजारी लिहिणे हेच आपल्याला स्वाभाविक वाटू लागले. आणि मात्रांचे ते नाजूक तुकडे! अक्षरावर लोंबणारा शिशाचा तो पातळ ओठ छापताना दाबाने मोडे, आणि पानावरील मात्रा उडे. के चा क झाला की वाचणाराने अंदाजाने चालावे.

मोडीचे काय झाले, हेही येथेच सांगणे योग्य होईल. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा मराठी गृहस्थ पत्रे, हिशोब व दफ्तर मोडीत लिही. मोडी ही हात न उचलता लिहावयाची लिपी. एक अक्षर दुसऱ्यात वाहत जाते. अशा वाहत्या रेघेचे शिशाचे चौकोनी तुकडे करणे अवघड. ते अशक्य होते असे नव्हे. केरी यांनी १८१० साली मराठीचा कोश छापिला त्यात मोडी खिळेच वापरिले आहेत. परंतु सुटी सुटी उभी राहणारी बाळबोध अक्षरे शिशाला अधिक मानवली. पंडित मंडळींना ती आधीपासून प्रिय होती, पोथ्या तिच्यातच होत्या, आणि सरकारी शालेय पुस्तकांनीही तिचाच स्वीकार केला. या सर्व कारणांत खिळ्याचे कारण लहान नव्हते, असे आमचे मत आहे. छापील ती बाळबोध व हातची ती मोडी अशी वाटणी झाली, आणि छापील अक्षराचा प्रसार वाढला तशी मोडी मागे पडत जाऊन विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतूनही गेली. आज आपल्या पणजोबांचे पत्र घरात सापडले तर ते वाचावयास जाणकार शोधावा लागतो.

वरच्या वर्गांतील जे विद्यार्थी संगणक शिकतात त्यांना ही गोष्ट दुसऱ्या एका क्षेत्रात अगदी अशीच घडलेली दिसेल. संगणकाला आज्ञा देण्यासाठी ज्या भाषा रचिल्या गेल्या, त्यांपैकी फोर्ट्रान ही फार जुनी. जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी ती अमेरिकेत १९५७ साली पुरी केली. ती ज्या यंत्रासाठी रचिली त्याचे नाव आय. बी. एम. ७०४. आज्ञा छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्रांवरून यंत्रात जात. पत्रावर ८० स्तंभ असत. पण या यंत्राचा वाचक ७२ च स्तंभ वाची, कारण यंत्राचा एक शब्द ३६ अंशांचा होता आणि पत्राची एक ओळ अशा दोन शब्दांत मावे. म्हणून फोर्ट्रानचे वाक्य बहात्तराव्या स्तंभापुढे जावयाचे नाही असा नियम झाला. एका अक्षरास ६ अंश लागत, म्हणजे एका शब्दात सहा अक्षरे. म्हणून फोर्ट्रानमधील नाव सहा अक्षरांहून लांब ठेवता येत नसे. कोष्टकातील जागा मोजण्यास यंत्रात तीन विशेष कप्पे होते. म्हणून त्या भाषेतील कोष्टकालाही तीनपर्यंतच निर्देशांक देता येत. यांपैकी एकही नियम गणिताने सांगितलेला नव्हे. सारे लोखंडाने व पुठ्ठ्याने सांगितलेले.

याहून मौजेची गोष्ट ही की ते यंत्र गेले, पत्रेही गेली, तरी बहात्तर स्तंभांचा नियम पुढे अनेक वर्षे टिकला. फोर्ट्रानची जी आवृत्ती १९९१ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली, तिने पहिल्यांदा या बंधनातून सुटका केली. मुंबईत कुलाब्यास टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी टिफ्रॅक नावाचा संगणक बांधून १९६० साली चालू केला. त्याच्या स्मृतीत अवघे २०४८ शब्द मावत. एवढ्याशा पेटीपुढे बसलेल्या मनुष्याने तोलूनमापूनच आज्ञा लिहावयाच्या! जुळाऱ्याच्या पेटीला खण किती, हाच तो प्रश्न. जुळाऱ्याच्या पेटीत अक्षरे होती आणि या पेटीत आकडे, एवढाच भेद.

आता पुन्हा जावजींकडे वळू. शिशाच्या सत्तेतून सुटण्याचा एक मार्ग त्या काळी होता, तो म्हणजे शिळाछाप. गुळगुळीत दगडावर विशिष्ट शाईने लिहावयाचे व त्यावरून छापावयाचे. दगडाला तुकडे लागत नाहीत. हात जसा लिहील तसे उमटते. मिशनच्याच छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळेवर मराठी पंचांग छापून मोठा लौकिक मिळविला. पुढे त्यांनी स्वतः खिळेही पाडिले. शिळेवरील अक्षर कितीही सुंदर असले तरी प्रत्येक पान हाताने लिहावे लागे. खिळे मात्र एकदा जुळवून, छापून झाले की सोडवून पुन्हा कामास येत. म्हणून शेवटी जय खिळ्यांचाच झाला. गणपत कृष्णाजी १८६० साली वारले. त्यांची परंपरा चालविणारा मनुष्य तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि दुसऱ्याच्या छापखान्यात पगारावर राबत होता.

मिशनच्या छापखान्यानंतर जावजींनी मुंबईतील निरनिराळ्या छापखान्यांत कामे केली. त्यांत इंदुप्रकाश व ओरिएंटल ही नावे येतात. घासण्यापासून ओतण्यापर्यंत, ओतण्यापासून मातृका बसविण्यापर्यंत, असे करीत त्यांनी या धंद्याची एकही पायरी चुकविली नाही. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढिला. पदरी मोठे भांडवल नव्हते, परंतु त्यांना एक अमोल मित्र लाभला होता. राणोजी रावजी आरू हे त्यांचे नाव. पंच कोरण्यात राणोजींचा हात असा काही चाले की तशी अक्षरे पूर्वी कोणी पाहिली नव्हती. जावजींची परीक्षक दृष्टी आणि राणोजींची कानस, या जोडीचे काम आपण आजही वाचीत आहो. दोघांपैकी एकाचे नाव घरोघर गेले व दुसऱ्याचे जाणकारांपुरते राहिले. कोरणाराचे नाव पुस्तकावर कोणी छापीत नाही, त्याला काय करावे!

या जोडीने मार्ग कोणता निवडिला, हे महत्त्वाचे आहे. खिळे कमी करावयाचे तर अक्षर आणखी तोडावे, जोडाक्षराचा पाय मोडावा, वाचणाराला सवय होईल, असे म्हणणे धंद्याच्या दृष्टीने सोपे होते. त्यांनी बरोबर उलट केले. जेथे तुकडे केल्याने अक्षराचे रूप बिघडत नाही तेथे ग्रॅहम यांची युक्ती ठेविली. आणि जेथे बिघडते तेथे नवा पंच कोरिला. पंच वाढले, खर्च वाढला, जुळाऱ्यांना शिकवावे लागले. पण निर्णयसागरचे पान उघडले की शब्द अखंड दिसतो; तो तुकड्यांचा आहे हे डोळ्यास कळत नाही. ती कलकत्त्याकडची अक्षरे नव्हेत. अ, झ, ण, ल, श या अक्षरांचे जे वळण मुंबईचे म्हणून ओळखले जाते, ते या खिळ्यांनी दूरवर नेले. इतर छापखाने हे खिळे विकत घेत. म्हणून पुस्तक दुसऱ्याने छापिले तरी अक्षर पुष्कळदा जावजींचेच असे.

१८६९ साली जावजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्याच नावाचे पंचांगही निघू लागले. पंचांग छापणे ही थट्टा नव्हे. बारीक आकड्यांच्या उभ्या-आडव्या ओळी, तिथी, नक्षत्रे, योग, करणे, घटिका व पळे. एक आकडा सरकला की लोकांचे मुहूर्त चुकावयाचे. खिळे मापाला अगदी तंतोतंत असल्यावाचून असे पान उभेच राहत नाही. ज्याने लहानपणी खिळा बोटांत धरून त्याची बाजू पारखली, त्याच्या छापखान्याने या कामात नाव काढावे हे साहजिकच होते.

परंतु खरी कसोटी संस्कृत ग्रंथांची. मराठी लेखकाला एखादे अवघड जोडाक्षर टाळता येते. कालिदासाला आता कोण सांगणार? संस्कृतात कार्त्स्न्य असा एक शब्द आहे. त्याच्या दुसऱ्या अक्षरात र, त, स, न, य अशी पाच व्यंजने एकत्र आली आहेत. असे शब्द सुबकपणे छापावयाचे तर पेटीत शेकडो जोडाक्षरे तयार पाहिजेत. जावजींनी ती तयार केली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली १८८६ साली काव्यमाला हे मासिक पुस्तक सुरू झाले आणि त्यातून अनेक अप्रसिद्ध संस्कृत काव्ये प्रथमच छापून बाहेर आली. परब यांनी संकलित केलेले सुभाषितरत्नभांडागारही याच छापखान्याचे. जे ग्रंथ हस्तलिखितांच्या रूपाने कोणाच्या पेटाऱ्यात कसरीच्या तोंडी पडले असते, ते स्वस्त व शुद्ध रूपाने विद्यार्थ्यांच्या हाती आले. निर्णयसागरची प्रत म्हणजे शुद्ध प्रत, अशी ख्याती झाली. युरोपातील संस्कृत पंडितही या आवृत्त्या वापरीत. त्यांच्या प्रतिमुद्रित आवृत्त्या आजही निघतात.

लहान मुलांनाही जावजी विसरले नाहीत. विनायक कोंडदेव ओक यांनी मुलांसाठी चालविलेले बालबोध मासिक १८८१ साली निघाले, ते याच छापखान्यातून. थोर पुरुषांची चरित्रे, सृष्टीतील चमत्कार, सोप्या कविता असे त्याचे स्वरूप असे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुनी पुस्तके आहेत त्यांनी शोध घ्यावा. एखादा अंक मिळाला तर आशयाबरोबर अक्षरेही पाहावी. दुसरीतिसरीच्या मुलाचे डोळे ज्यावर शिणणार नाहीत असे ते अक्षर आहे. ज्याला स्वतः दहाव्या वर्षी पुस्तक खाली ठेवावे लागले, त्याच्या छापखान्यातून असे मासिक निघावे, यावर आम्ही अधिक काही लिहीत नाही.

जावजी १८९२ साली एप्रिल महिन्यात निवर्तले. वय पन्नाशीच्या थोडे पुढे होते. छापखाना त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी चालविला, आणि पुढील पुष्कळ ग्रंथांवर त्यांचे व त्यांच्यामागून पांडुरंग जावजी यांचे नाव दिसते.

जावजींच्या मागे यंत्रे बदलत गेली आणि प्रत्येक नव्या यंत्राने लिपीपुढे तीच जुनी तक्रार मांडली, की तुझी अक्षरे फार आहेत. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी स्वतः पुष्कळ खटपट केली. मग एकेक खिळा न जुळविता सबंध ओळच ओतणारे लायनोटाइप यंत्र आले. त्याच्या मुख्य पेटीत ९० वाटा, म्हणजे ९० अक्षरे. नागरीला ती फारच अपुरी. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी इ, उ, ए या स्वरांच्या जागी अ लाच वेलांटी, उकार व मात्रा लावावी असे सुचविले, त्यातही खिळे वाचविण्याचा हेतू होता. ती अक्षरे काही काळ काही पुस्तकांत दिसली व मागे पडली. लोकांच्या डोळ्यांत जावजींचे वळण फार खोल रुजले होते, हे त्याचे एक कारण असावे.

नंतर संगणक आला. त्याला शिसे नको, पेटी नको. तरी अक्षराला क्रमांक हवा. भारत सरकारच्या मानक संस्थेने १९९१ साली आपल्या लिप्यांची जी सांकेतिक पद्धती ठरविली, आणि त्याच वर्षी युनिकोड नावाची जी जागतिक पद्धती निघाली, त्या दोहोंत प्रत्येक जोडाक्षराला निराळा क्रमांक दिलेला नाही. व्यंजन, हलन्त व पुन्हा व्यंजन असे तुकडे साठवावयाचे, आणि त्यांचे जोडाक्षर पडद्यावर दाखविण्याचे काम संगणकाकडे सोपवावयाचे, अशी योजना आहे. साठविताना तुकडे आणि दिसताना अखंड. मिशन छापखान्यातील ग्रॅहम व कोलभाट गल्लीतील राणोजी हे दोघेही ही योजना पाहून ओळखीचे हसले असते.

एका अक्षराने मात्र येथेही हट्ट केला. कैऱ्या, तऱ्हा, सुऱ्या या शब्दांत आपण जो आडवा अर्धा र लिहितो, तो मराठीला लागतो. हिंदीला त्याची गरज नाही. आचार्य या शब्दाचा रेफ निराळा आणि सुऱ्या या शब्दातील हा र निराळा. र व हलन्त एवढेच लिहिले तर संगणक डोक्यावर रेफ काढतो आणि सुऱ्यांचा सूर्याकडे कल होतो. जुन्या छापखान्यात यासाठी वेगळा खिळा असे. संगणकाच्या कोष्टकात दक्षिणेकडील भाषांचा एक विशेष उच्चार नागरीत लिहिण्यासाठी खाली टिंब दिलेला र ठेविला होता. त्या टिंबाच्या र ला हलन्त लावावा आणि त्यातून मराठीचा आडवा र उमटावा, अशी तोड काढण्यात आली. आपण कळपाटावर कैऱ्या हा शब्द लिहितो, तेव्हा पडद्यामागे साठविला जातो तो हाच दक्षिणेसाठी राखलेला र होय.